सातव्या चेहऱ्याचं वजन

१

बुधवारी सकाळी अतिथी छात्रालयाच्या व्हरांड्याखाली अकराच चेहरे भरले. असायला हवे होते बारा.

गंगापूर रोडच्या आतल्या अंगाला ही दुमजली, काळ्या दगडाची इमारत आहे. परदेशातून नाशिकला शिकायला येणाऱ्या मुलांसाठी एका विश्वस्त संस्थेने ती १९५९ साली बांधली. पहिल्या वर्षी बारा मुलखांतून बारा मुलं आली. बांधणाऱ्याची हौस अशी, की वरच्या व्हरांड्याच्या तुळयांखाली जे बारा दगडी टेकू बसवायचे होते, त्यांच्या तोंडाशी त्याने त्या बारा जणांचेच चेहरे कोरून घेतले. वरच्या खिडक्यांच्या जाळ्यासुद्धा बारा नमुन्यांच्या. ब्रह्मदेशचा मुलगा डोक्याला रुमाल बांधलेला, इथिओपियाचा कुरळ्या केसांचा, मॉरिशसचा चष्म्यासकट. सातवा झांजीबारचा, गोल टोपी घातलेला, हसू ओठांत दाबून धरल्यासारखा. गेला तो हा. त्याच्या जागी भिंतीत चौकोनी, काळं भोक होतं.

वाल्मीक गांगुर्डे साडेआठला आले. हे मूळ सायखेड्याचे, निवृत्त भूकरमापक. चौतीस वर्षं निफाड-दिंडोरीच्या शिवारात साखळी ओढली, आता छात्रालयाचे बिनपगारी विश्वस्त. बांधावर दोन भाऊ भांडत असले की लबाड कोण हे वाल्मीकरावांना साखळी पडायच्या आधीच कळायचं. ज्याने खुणेचा दगड सरकवला असेल तो त्या दगडाकडे बघत नाही, एवढं साधं. पण सरकारी कागदावर असं लिहिता येत नाही, म्हणून साखळी टाकायची. खिशात अजूनही त्यांची लांबट वही असे. डाव्या पानावर लोक काय बोलले ते, उजव्या पानावर टेप काय बोलली ते. दोन्ही पानं जुळली तर प्रकरण मिटलं. सहसा जुळत नसत.

भोकाखाली चारजण उभे होते. संस्थेचे सचिव शेखर बोरस्ते. गेला महिनाभर चुन्याचं काम करणारे गवंडी इसाक शेख, म्हणजे चेहरे कोरणाऱ्या अमीर शेखचे नातू. छात्रालयात राहणारा, फार्मसी शिकणारा हमीसी, हा खुद्द झांजीबारचा. आणि इमारतीचा इतिहास मांडणारी वास्तुविशारद निकिता खैरनार.

शुक्रवारी अकरा वाजता वारसा समितीचे लोक यायचे होते. इमारत वारसा यादीत गेली की तिला कुणी हात लावू शकणार नव्हतं.

शेखररावांनी घड्याळ बघितलं आणि सरळ सांगितलं, की उद्या संध्याकाळी पाचपर्यंत चेहरा सापडला नाही तर पोलिसात तक्रार. नाव घालून.

"कुणाचं नाव?" वाल्मीकरावांनी विचारलं.

शेखररावांनी इसाककडे बोट केलं नाही. मान केली. इसाकने हातातली थापी पुसली, पुसून झाल्यावर पुन्हा पुसली.

२

डावं पान भरायला वाल्मीकरावांना अर्धा दिवस लागला.

शेखररावांचं म्हणणं मुद्देसूद होतं. मंगळवारी दुपारी आवारात इसाक आणि निकिता दोघंच, मेसच्या बायका मागे. भिंत उघडण्याची अवजारं इसाककडे. चेहरा कोरणारा त्याचा आजोबा, तेव्हा त्याची किंमत त्यालाच ठाऊक. जुन्या दगडांना हल्ली मुंबईत गिऱ्हाइकं आहेत. हे सगळं त्यांनी खेदाने सांगितलं. मात्र खेदाचा आवाज आणि चहाचा घोट यांत अंतर पडू दिलं नाही. वाल्मीकरावांनी बाजूला बारीक अक्षरात टिपलं: शेखरला इथे नऊ मजली इमारत हवी आहे. एक चेहरा गेला तर यादीतला दावा लंगडा होईल, आणि ते त्याला चालेल. पण उंचावर चढून भिंत पोखरणं हे शेखरचं काम नाही. त्याला कपडे मळलेले खपत नाहीत, पायजम्याला सुद्धा इस्त्री लागते.

हमीसी दोन वर्षांत बऱ्यापैकी मराठी शिकला होता, म्हणजे 'चालतंय की' आणि 'बघू' इथपर्यंत. उरलेलं हिंदीतून. तो रोज कॉलेजला निघताना सातव्या चेहऱ्याला सलाम करायचा. मित्र चिडवायचे, की तुझे काका आज गालात हसले नाहीत. मंगळवारी तो दहा ते पाच कॉलेजात होता, तिथल्या हजेरीच्या यंत्रावर त्याचं बोट दोनदा उमटलं होतं. अडचण एवढीच, की पायरीशी असलेल्या मातीत एका खुर्चीच्या चार पायांचे ठसे निघाले, आणि भिंतीला उलटी टेकवलेली ती लाल प्लास्टिकची खुर्ची हमीसीच्या खोलीतली होती. मागच्या बाजूला त्याचं नाव पांढऱ्या रंगात. बसायच्या जागी चुन्याची भुकटी.

"माझी खोली कधी बंद नसते," तो घाबरून म्हणाला. "अंकल, मी सलाम करत होतो. चोर सलाम करतो का?"

वाल्मीकराव म्हणाले, चोरांचं तसं काही ठरलेलं नसतं, पण तू जेवून घे.

निकिता एकोणतीस वर्षांची, पिंपळगाव बसवंतची. वडिलांचं द्राक्षांचं पॅकहाउस, पण हिला द्राक्षांपेक्षा चुना प्रिय. सहा महिने ती या इमारतीत होती. प्रत्येक दगडाचा फोटो, प्रत्येक सांध्याचा नमुना. एकदा तिने पायरीवर बसलेल्या सरड्याचाही फोटो काढला होता, बाजूला मोजपट्टी ठेवून. मंगळवारी ती म्हणे वरच्या साइट-रूममध्ये नकाशे काढत होती, कानात गाणी, त्यामुळे काही ऐकू आलं नाही. हे तिने खिडकीकडे बघत सांगितलं. भोकाविषयी तिने एक प्रश्नही विचारला नाही.

राहिला इसाक. वय एकोणसाठ, हाताची नखं चुन्याने खाल्लेली. मंगळवारी दीड वाजता नमाजला गेला, येताना घरी जेवून तीन वाजता परत आला. परत आल्यावर भोक दिसलं नाही का? नाही, मागच्या अंगणात चुना मळत होता, पुढे आलोच नाही.

"आणि सकाळी दिसलं तेव्हा काय वाटलं?"

इसाकने नखांतला चुना खरवडला. "तक्रार करायची तर करू द्या साहेब," तो म्हणाला. "मला त्याबद्दल काही बोलायचं नाही."

वाल्मीकरावांनी वही मिटली. चोरी केलेला माणूस न विचारता खूप बोलतो. न केलेला तर त्याहून जास्त. हा तिसराच प्रकार होता.

३

गुरुवारी सकाळी उजवं पान सुरू झालं.

त्यांनी आधी भोक मोजलं. अकरा इंच रुंद, चौदा इंच उंच, भिंतीत नऊ इंच खोल. चेहऱ्याचा भाग बाहेर साधारण तेवढाच. निकिताच्याच नकाशात तशी मापं होती. घडाईत गेलेला वजा करून एक पूर्णांक चार घनफूट दगड. काळा दगड घनफुटाला ऐंशी किलोच्या घरात. म्हणजे सातव्या चेहऱ्याचं वजन एकशे दहा किलो, कमीत कमी.

मग त्यांनी लाल खुर्ची समोर ठेवली आणि तिच्याकडे नुसतं बघत बसले. तिच्या एका पायाला जुनी चीर होती. या खुर्चीवर उभं राहून एकशे दहा किलोचा दगड छातीशी धरणारा माणूस आज सिव्हिल हॉस्पिटलात असायला हवा होता, आणि खुर्ची भंगारात.

त्यांनी इसाककडून पाण्याची नळी मागून घेतली, दोन्ही टोकांना पाणी दिसतं ती, गवंडी पातळी बघतात तसली. नळीचं एक टोक सहाव्या चेहऱ्यावरच्या तुळईला लावलं, दुसरं आठव्याच्या, मग मधल्या सातव्याच्या. टेकू काढून घेतलेली तुळई केसभर तरी खाली यायला हवी. सुताइतकीही आली नव्हती. वरच्या गिलाव्याला नवी चीर नव्हती.

वाल्मीकराव खुर्चीवर न चढता इसाकच्या शिडीवर चढले आणि त्यांनी भोकात हात घातला. आत, तुळईच्या बरोबर खाली, हाताला लोखंड लागलं. गंजलेला, काळा रंग फासलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा, इगतपुरीच्या भंगारात मिळतो तसा. भिंतीत पक्का बसवलेला आणि सगळा भार घेणारा.

दगडाचा टेकू असताना रूळ कशाला लागतो? नसतानाच लागतो.

म्हणजे सातवा चेहरा भार घेत नव्हता. म्हणजे तो जड नव्हता. म्हणजे तो दगडाचाच नव्हता. आणि हा रूळ काल-परवाचा नव्हे, त्यावर चाळीस पावसाळ्यांचा गंज होता.

खाली इसाक शिडी धरून उभा होता. वाल्मीकरावांनी वरूनच विचारलं, "इसाकभाई, हा रूळ कुणी बसवला?"

शिडी थोडी हलली.

४

दुपारी बाराला वाल्मीकरावांसमोर दोनच नावं उरली होती. चेहरा हलका आहे हे ज्याला ठाऊक होतं तोच खुर्ची घेऊन चढेल. असं ठाऊक असण्यासारखी माणसं दोन: रूळ कुणी बसवला ते ज्याला माहीत आहे तो इसाक, आणि सहा महिने प्रत्येक दगडावर बोटाने टकटक करणारी निकिता.

इसाकच्या विरुद्ध सगळंच होतं. फक्त त्याच्या शेडमध्ये तीन शिड्या आणि परांचीचे बांबू साखळीला कुलूप लावून ठेवलेले होते, आणि कुलपाची चावी त्याच्या खिशात. ज्याच्याकडे तीन शिड्या आहेत तो पोराच्या खोलीतली चिरलेली खुर्ची कशाला आणील? चावी नसलेलाच आणील.

शिवाय एक गोष्ट वाल्मीकरावांना बुधवारपासून खुपत होती. भोकाखालची जमीन स्वच्छ होती. सांधे पोखरून काहीतरी काढलं आणि चुन्याचा एक खडासुद्धा खाली नाही. गवंडी राडारोडा टाकून जातो, मग दोन दिवस त्यावरून बोलणी खातो. चोराला तर झाडायला वेळच नसतो. जुन्या चुन्याचे खडे वेचून बरोबर नेणारी माणसं जगात एकाच जातीची: ज्यांना तो चुना तपासायचा असतो.

निकिता जेवायला खाली गेली होती. वाल्मीकरावांनी शेखररावांकडून साइट-रूमची जादा चावी आणली. आत भिंतभर फळ्या, फळ्यांवर पारदर्शक पिशव्या, प्रत्येकीत मूठभर चुना आणि वर चिठ्ठी. कुठल्या खोलीतला, कुठल्या सांध्यातला, कधी काढला. शेकडो. सुवाच्य, सारख्या उंचीचं अक्षर. वाल्मीकरावांना हेवा वाटला. त्यांच्या खात्यात असं एक माणूस असतं तर निफाड तालुक्यात भांडणं उरली नसती.

मंगळवारची पिशवी मागे दडवलेली वगैरे नव्हती. तारखेच्या क्रमाने जिथे असायला हवी तिथेच होती.

'क्र. ७. उजवा सांधा. चुना, वर सिमेंटचा हात. मंगळवार, दुपारी २.१०.'

त्यांनी ती हातात घेतली तेव्हा दारात निकिता उभी होती.

५

तिने नाकारलं नाही. स्टुलावर बसली आणि आधी पिशवीकडे बघून, स्वतःवरच वैतागल्यासारखी म्हणाली, "वेळसुद्धा लिहिली मी."

"वेळ लिहिली नसतीस तर मला तुझ्याबद्दल वाईट वाटलं असतं," वाल्मीकराव म्हणाले. "चेहरा कुठाय?"

कोपऱ्यात पिंपळगावच्या पॅकहाउसची द्राक्षांची खोकी होती, ती नमुने भरायला आणत असे. सर्वांत खालच्या खोक्यात, द्राक्षांच्या घडांना घालतात त्या फोमच्या जाळीत गुंडाळलेला, सातवा चेहरा होता. वाल्मीकरावांनी तो उचलला. वीस-बावीस किलो. मागून पोकळ, आत कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी, वर काळ्या दगडाची भुकटी मिसळलेलं सिमेंट. पुढून मात्र गोल टोपी, दाबलेलं हसू, सगळं तसंच.

तिचं बोलणं तुटक होतं, पण हिशेब सरळ होता. समितीला पाठवलेल्या फाइलमध्ये तिने लिहिलं होतं, बारा चेहरे, एक हात, अखंड दगड. सगळा दावा त्यावर उभा. गेल्या आठवड्यात सातवा पुसताना आवाज वेगळा आला. समितीसमोर एक चेहरा खोटा निघाला असता तर शेखरराव म्हणाले असते की बाराही खोटे, आणि दोन वर्षांत इथे नऊ मजले उभे राहिले असते. चोरीला गेलेल्या चेहऱ्याबद्दल लोक हळहळतात. खोट्या चेहऱ्याबद्दल हसतात. म्हणून तिने चोरी निवडली.

"आणि इसाकभाई?"

"त्यांचं नाव येईल असं माझ्या डोक्यातच आलं नाही, काका."

"ते येतच नाही," वाल्मीकराव म्हणाले. "कधीच कुणाच्या येत नाही."

घड्याळात दोन वाजले होते. ते तिला आणि चेहऱ्याला घेऊन मागच्या अंगणात इसाककडे गेले. तिने त्याला सगळं सांगितलं, माफी मागितली, म्हणाली मी आत्ता शेखररावांना सांगते. इसाकने चेहऱ्यावरची फोमची जाळी सारखी केली, आणि तो जे म्हणाला ते दोघांनाही अपेक्षित नव्हतं.

"सांगू नका."

मग त्याने सांगितलं. १९८४ साली वरच्या गच्चीवर पाण्याची टाकी चढवताना त्याचे वडील, शहजाद शेख, दोराच्या टोकाला होते. दोर निसटला, टाकी सातव्यावर आदळली, आणि आजोबांच्या हातच्या दगडाचे चार तुकडे झाले. संस्थेला कळलं असतं तर काम गेलं असतं. आजोबांना कळलं असतं तर काय झालं असतं, ते शहजादला सांगता येत नव्हतं. सुट्टीत मुलं गावी होती. आठ दिवस तट्ट्यांचा आडोसा लावून बाप-लेकाने रूळ बसवला, जाळी वळवली, सिमेंट लावलं. इसाक तेव्हा एकोणीस वर्षांचा. त्यानंतर या गोष्टीवर घरात एक शब्द झाला नाही. वडील गेले तरी झाला नाही.

म्हणूनच बुधवारी भोक बघताच त्याला कळलं होतं, की नेणाऱ्याला चेहरा हलका आहे हे ठाऊक होतं. बोललो असतो तर अब्बांचं नाव आलं असतं.

"माझ्यावर चोरीचा आळ आला तर तो खोटा आहे, साहेब. कधीतरी निघेल. अब्बांवर येईल तो खरा आहे."

वाल्मीकरावांनी वही काढली, बघितली, पुन्हा खिशात घातली. ते म्हणाले, की आळ निघेस्तोवर तुला कुणी जुन्या भिंतीला हात लावू देणार नाही. रामकुंडाच्या बाजूचं काम हातात आहे ते उद्याच जाईल. आणि तुझ्यानंतर या गावात चुना मळणारं कोण आहे, ते मला बोटावर मोजून दाखव. इसाकने बोटं वर केली नाहीत.

"दुसरं म्हणजे," ते म्हणाले, "चाळीस वर्षं त्या रुळाने तुळई सुतभर हलू दिली नाही. मी सकाळी नळी लावून बघितलं. ज्याने असं काम केलं त्याचं नाव कुठेच लिहिलेलं नाही, यात खोटं एवढंच आहे. बाकी मला काही खोटं सापडलं नाही."

इसाक उठला. चुन्याच्या ढिगाभोवती एक फेरी मारून आला. पाचला अजून अडीच तास होते, आणि वाल्मीकराव बोलायचे थांबले होते, कारण पुढचं त्यांचं नव्हतं.

"परत मी बसवणार," इसाक शेवटी म्हणाला. "दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. आणि सांगायचं ते मीच सांगणार."

६

शेखररावांची तक्रार टाइप होऊन तयार होती. निकिताने त्यांच्यासमोर उभं राहून आपण काय केलं ते सांगितलं, समितीला दुरुस्तीचं पत्र त्याच टेबलावर लिहिलं, आणि या कामातून बाजूला होण्याचंही. दुसरं पत्र वाल्मीकरावांनी घेऊन ठेवलं; समिती गेल्यावर बघू म्हणाले. शेखररावांनी तक्रारीतल्या इसाकच्या नावावर रेघ मारली. त्या जागी दुसरं नाव घालावं का, यावर ते जरा घुटमळले. मग चेहरा ज्या साइट-रूममध्ये सापडला तिची जादा चावी सचिवाकडेच असते हे वाल्मीकरावांनी ध्यानात आणून दिलं, आणि संस्थेतली चोरी संस्थेतच सापडली असं वर्तमानपत्रात आलं तर सचिवाचाही फोटो येतो हेही. कागद फाटला.

शुक्रवारी अकरा वाजता समितीचे तिघं आले. प्रमुख एक वयस्क बाई होत्या, चष्मा साखळीला, बोलणं मोजकं. निकिताचं पत्र त्यांनी पोर्चमध्ये उभ्यानेच दोनदा वाचलं. वर बारा चेहरे होते. सातव्याच्या सांध्याचा चुना अजून ओला, गडद दिसत होता. हमीसी कॉलेज बुडवून खांबाशी उभा होता.

बाईंनी विचारलं, यातला सिमेंटचा कुणी केला.

शेखरराव खाकरले. पण इसाक पुढे आला होता. धुतलेला पांढरा सदरा, हात मागे.

"माझ्या वडिलांनी. शहजाद अमीर शेख. दगडाचा त्यांच्या हातून फुटला होता. मी त्यांच्याबरोबर होतो."

बाई लिहू लागल्या. लिहिता लिहिता म्हणाल्या, चाळीस वर्षांत एवढ्या लोकांतून कुणाच्याच लक्षात कसं आलं नाही?

इसाकने वर बघितलं. जे त्याने काल अंगणातही सांगितलं नव्हतं ते आता तो चारचौघांत सांगत होता, आणि सगळ्यांत जास्त ते स्वतःलाच सांगतोय असं वाल्मीकरावांना वाटलं.

"एकाच्या आलं. त्या वर्षीच्या ईदला दादा, म्हणजे माझे आजोबा, म्हणाले, मला माझी पोरं दाखवायला न्या. डोळे गेले होते त्यांचे. अब्बांनी त्यांना शिडीवर चढवलं, मी खालून धरलं. एकेका तोंडावरून हात फिरवत गेले. सातव्यावर हात थांबला. लय वेळ थांबला. अब्बा शेजारच्या शिडीवर, त्यांना घाम फुटलेला. मग दादा म्हणाले, 'हा माझा नाही.'"

बाईंचं पेन थांबलं.

"आणि मग?"

"मग अब्बांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, 'पण पोरगा तोच आहे.' आणि पुढची शिडी लाव म्हणाले, आठवा बघायला."